परक्या लेकरांचे बापू : नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी



पोलंड या देशाचे नाव उच्चारताच आपल्या भाविकांच्या डोळ्यांसमोर कितीतरी पवित्र स्थळे उभी राहतात. चेंस्तोहोवा येथील यास्ना गुरा हा १३८२ साली स्थापन झालेला मठ आणि तेथील सावळ्या वर्णाच्या पवित्र मरियामातेची प्रतिमा. क्राकूव नगरीतील वावेल टेकडीवरचे प्राचीन कॅथेड्रल. संत फाउस्तिना जेथे ५ ऑक्टोबर १९३८ रोजी प्रभूचरणी विलीन झाल्या ते वाग्येव्निकीचे दिव्य दयेचे तीर्थस्थान. जमिनीखाली सुमारे शंभर मीटर खोल, मिठाच्या खडकात कोरलेले व्येलिच्काचे संत किंगा प्रार्थनामंदिर. आणि दुसऱ्याच्या बदल्यात मरण पत्करणाऱ्या संत माक्सिमिलियन कोल्बे यांची आउश्वित्झ येथील कोठडी. पोलंडला जाणारा यात्रेकरू ही स्थळे पाहतो, वस्तुसंग्रहालये पाहतो, युद्धात जमीनदोस्त होऊन पुन्हा उभे राहिलेले जुने वॉर्सा पाहतो आणि कृतार्थ होऊन परततो.

त्याच वॉर्सा नगरीच्या ओखोता भागात एक लहानसा चौक आहे. पर्यटकांची तेथे गर्दी नसते. या चौकाला पोलिश लोकांनी ‘भल्या महाराजांचा चौक’ असे नाव दिले आहे. ज्या देशाने ख्रिस्तसभेला पोप संत जॉन पॉल दुसरे दिले, त्या देशाच्या राजधानीत एका हिंदू राजाचे स्मारक का असावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचे जीवन होय. या जीवनकथेचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातून, मुंबईच्या वांद्र्यातून आणि कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावातून गेलेला आहे. म्हणूनच नांदेड व लातूर परिसरातील आपल्या धर्मग्रामांतील वाचकांसमोर ती ठेवीत आहोत.

जन्म, शिक्षण व राज्यप्राप्ती

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजी काठियावाडातील सरोदर या गावी जडेजा राजपूत घराण्यात झाला. क्रिकेटच्या इतिहासात अजरामर झालेले रणजितसिंहजी हे त्यांचे चुलते. रणजितसिंहजी नवानगरच्या गादीवर आले. परंतु त्यांनी विवाह केला नाही. त्यांनी आपल्या या पुतण्याला दत्तक घेतले आणि त्याच्या शिक्षणाकडे जातीने लक्ष दिले. राजकोटचे राजकुमार कॉलेज, इंग्लंडमधील माल्व्हर्न कॉलेज आणि पुढे लंडन येथे त्यांचे शिक्षण झाले. १९१९ साली ते सैन्यात अधिकारी म्हणून दाखल झाले व १९३१ पर्यंत त्यांनी सैनिकी सेवा केली.

रणजितसिंहजी राष्ट्रसंघामध्ये भारताचे प्रतिनिधी म्हणून जिनीव्हाला जात असत. त्या काळात स्वित्झर्लंडमध्ये पोलंडचे थोर पियानोवादक व माजी पंतप्रधान इग्नात्सी पादेरेव्स्की यांचे वास्तव्य होते. तरुण दिग्विजयसिंहजींचा त्यांच्याशी परिचय झाला आणि शंभराहून अधिक वर्षे पारतंत्र्य भोगलेल्या त्या दूरच्या राष्ट्राविषयी त्यांच्या मनात आपुलकी निर्माण झाली, असे सांगितले जाते. परमेश्वर पेरणी कोठे करतो आणि पीक कोठे उगवतो, हे मनुष्याला आधी उमगत नाही.

२ एप्रिल १९३३ रोजी रणजितसिंहजींचे निधन झाले आणि दिग्विजयसिंहजी नवानगरचे जामसाहेब झाले. जामनगर ही या संस्थानाची राजधानी. १९३५ साली सिरोहीच्या राजकन्या गुलाबकुंवरबा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चुलत्यांचे क्रिकेटप्रेम त्यांच्यातही उतरले होते. १९३७-३८ मध्ये ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. त्याच सुमारास संस्थानिकांच्या नरेंद्रमंडळाचे कुलपतिपदही त्यांच्याकडे आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडन येथील युद्धमंत्रिमंडळाच्या बैठकांना संस्थानिकांचे प्रतिनिधी म्हणून ते उपस्थित राहिले. मान, संपत्ती, सत्ता हे सर्व त्यांच्यापाशी होते. परंतु आज त्यांचे स्मरण यांपैकी कशामुळेही केले जात नाही.

निर्वासित लेकरांचा प्रवास

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना घराबाहेर काढून मालगाडीच्या डब्यांतून सायबेरिया व मध्य आशियाकडे नेण्यात आले. अनेक कुटुंबांना सामान बांधायला तासाभराचाही अवधी मिळाला नाही. थंडी, उपासमार, विषमज्वर आणि अतिश्रम यांनी असंख्य माणसे दगावली. आईवडील गेले आणि लेकरे मागे उरली.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच स्वारी केली, तेव्हा चित्र पालटले. जुलै १९४१ च्या करारानुसार पोलिश बंदिवानांना मोकळीक मिळाली. परंतु मोकळीक मिळाली तरी जावे कोठे? देश शत्रूच्या ताब्यात होता. तुर्कमेनिस्तानातील अश्गाबाद येथे अनाथ मुले गोळा करण्यात आली. त्यांना सांभाळणार कोण, हा प्रश्न अनेक देशांच्या सरकारांपुढे आला. युद्ध ऐन भरात होते, अन्नधान्याची टंचाई होती. परक्या मुलांचा भार घ्यायला सहजासहजी कोणी पुढे येत नव्हते. भारत तर स्वतःच पारतंत्र्यात होता.

अशा वेळी जामसाहेबांनी आपल्या संस्थानात या मुलांसाठी जागा देण्याची तयारी दर्शविली. त्यांचे स्वतःचे चिरंजीव शत्रुशल्यसिंहजी तेव्हा अवघे तीन वर्षांचे होते. घरात लहान मूल असलेल्या पित्याला दुसऱ्याच्या पोरक्या मुलाचे दुःख अधिक कळते.

मालमोटारींतून इराणमधील मशहद व झाहेदान मार्गे आणि पुढे क्वेट्टाहून रेल्वेने ही मुले भारतात आली. एप्रिल १९४२ मध्ये पहिली तुकडी मुंबईस पोहोचली आणि काही आठवडे वांद्र्यात राहिली. वांद्रे हे तर आपल्या कॅथलिक समाजाचे जुने माहेर. कित्येक महिन्यांनंतर या मुलांच्या कानांवर तेथे पुन्हा देवळाच्या घंटेचा नाद पडला असेल, त्यांनी माउंट मेरीच्या दिशेने हात जोडले असतील, ही कल्पनाच मनाला स्पर्शून जाते.

बालाचडीचे घर

जामनगरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, समुद्रकिनारी, बालाचडी येथे जामसाहेबांचा उन्हाळी राजवाडा होता. त्याच्या जवळच मुलांसाठी वसतिगृहे, भोजनगृह, शाळा, दवाखाना आणि प्रार्थनामंदिर उभारण्यात आले. जुलै १९४२ मध्ये मुले तेथे राहावयास आली. दोन-तीन वर्षांच्या बालकांपासून सोळा-सतरा वर्षांच्या किशोरांपर्यंत सर्व वयाची मुले त्यांत होती. सहाशेहून अधिक मुले या शिबिरात राहून गेली. काही नोंदींनुसार ही संख्या एक हजाराच्या आसपास जाते. खर्चासाठी इतर संस्थानिकांनी आणि उद्योगपतींनीही देणग्या दिल्या. जामसाहेबांनी आपल्या पदाचा उपयोग त्यासाठी केला.

मुले आली त्या दिवशी जामसाहेबांनी त्यांना धीर दिला. आजपासून तुम्ही पोरके नाही, तुम्ही नवानगरचेच झालात आणि मी जसा या प्रजेचा बापू आहे तसाच तुमचाही बापू आहे, अशा आशयाचे त्यांचे बोलणे होते. तेव्हापासून ती मुले त्यांना बापू म्हणू लागली. पुढे जगाच्या पाठीवर विखुरलेली ही मुले म्हातारी झाली, तरी त्यांच्या तोंडी तेच नाव राहिले.

त्यांच्या वात्सल्याच्या अनेक लहानसहान आठवणी सांगितल्या जातात. एकदा शिबिरात वरचेवर पालक वाढला जाऊ लागला. मुलांना तो मुळीच आवडेना. शेवटी त्यांनी पालक न खाण्याचा जणू संपच पुकारला. ही वार्ता बापूंच्या कानी गेली आणि त्यांनी स्वयंपाकघरात पालक न शिजवण्याची सूचना दिली. गोष्ट लहान आहे. परंतु कालपर्यंत शिळ्या पावाच्या तुकड्यासाठी वणवण करणाऱ्या मुलाला आज आपली आवडनिवड सांगता यावी आणि ती एका राजाने ऐकावी, यात घरपणाची खूण आहे. हट्ट हा आपल्या माणसापाशीच केला जातो.

श्रद्धेचे रक्षण

बंधू-भगिनींनो, जामसाहेबांच्या कार्यातील जी बाब आपण विशेष ध्यानात घ्यावी ती ही. ही मुले कॅथलिक होती आणि राजा निष्ठावंत हिंदू होता. मुले लहान, अनाथ आणि सर्वस्वी त्याच्या आश्रयाखाली होती. त्यांना आपल्या रीतीप्रमाणे वाढवणे त्याला कठीण नव्हते. परंतु जामसाहेबांनी तसे केले नाही. शिबिराचे प्रमुख म्हणून पोलिश धर्मगुरू फादर फ्रांचिशेक प्लुता यांनी काम पाहिले. मुलांचे शिक्षण पोलिश भाषेत, पोलिश शिक्षकांकडून होत असे. मिस्सा होत असे, प्रार्थना होत असे. मुलांनी आपली गाणी, आपली नृत्ये आणि आपली नाटके विसरू नयेत याची काळजी घेतली जाई. त्यांचे कार्यक्रम पाहण्यास जामसाहेब आवर्जून येत आणि त्यांच्या सणांच्या आनंदात सहभागी होत.

एके दिवशी ही मुले आपल्या मायदेशी परततील, तेव्हा ती पोलिश आणि कॅथलिक म्हणूनच परतली पाहिजेत, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी छप्पर दिले, अन्न दिले, माया दिली. त्याच्या मोबदल्यात मुलांची ओळख मागितली नाही. हेच जामसाहेब पुढे सोमनाथ मंदिराच्या पुनर्बांधणीत अग्रभागी होते आणि ११ मे १९५१ रोजी झालेल्या तेथील प्राणप्रतिष्ठेच्या कार्यात त्यांचा मोठा वाटा होता. स्वतःच्या धर्मावर ज्याची दृढ निष्ठा असते, त्याला दुसऱ्याच्या लेकराच्या हातातील जपमाळेची भीती वाटत नाही, हे त्यांच्या वागण्यातून दिसते.

बालाचडीहून वळिवडे

पोलिश निर्वासितांची संख्या वाढत गेली, तेव्हा १९४३ साली कोल्हापूर संस्थानात, वळिवडे येथे दुसरे आणि मोठे शिबिर उभारण्यात आले. सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले, येथे राहिली. पंचगंगेच्या खोऱ्यात जणू एक छोटे पोलंडच वसले. ओळीने बांधलेल्या घरांना त्यांनी फुलझाडांनी सजवले. चर्च, शाळा, दवाखाना, नाट्यगृह, दुकाने असे सर्व काही तेथे होते. पन्हाळगडावर त्यांच्या बालवीरांची शिबिरे भरत. कोल्हापूरच्या बाजारात भाजी घेताना पोलिश स्त्रिया मोडक्यातोडक्या मराठीत भाव विचारू लागल्या.

१९४६ साली बालाचडीचे शिबिर बंद झाले आणि तेथील अनेक मुलांना वळिवडे येथे आणण्यात आले. अशा रीतीने जामसाहेबांची लेकरे कोल्हापूरकरांच्या अंगणात आली.

युद्ध संपले होते. परंतु पोलंडमध्ये आता सोव्हिएत रशियाच्या प्रभावाखालील साम्यवादी राजवट आली होती. ज्यांच्या आईवडिलांचा बळी त्या सत्तेने घेतला, त्या अनाथ मुलांना तिच्याच स्वाधीन करावे लागेल, असे संकट उभे राहिले. तेव्हा जामसाहेब, फादर प्लुता आणि एक ब्रिटिश अधिकारी यांनी मिळून अनाथ मुलांचे कायदेशीर पालकत्व स्वीकारले व त्यांची सक्तीची पाठवणी टाळली. एक हिंदू राजा आणि एक कॅथलिक धर्मगुरू एकाच कागदावर पालक म्हणून सही करतात, असे उदाहरण इतिहासात विरळाच. पुढे ही मुले इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत गेली. काही पोलंडला परतली. १९४८ मध्ये वळिवडे शिबिरही रिकामे झाले. त्या घरांत फाळणीमुळे सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले आणि त्या वसाहतीला गांधीनगर हे नाव मिळाले. एका निर्वासिताने सोडलेले अंथरूण दुसऱ्या निर्वासिताच्या उपयोगी पडले.

उत्तरायुष्य

स्वातंत्र्यानंतर जामसाहेबांनी आपले संस्थान भारतात विलीन केले. १९४८ साली काठियावाडातील संस्थाने एकत्र येऊन सौराष्ट्र राज्य निर्माण झाले, तेव्हा ते त्याचे राजप्रमुख झाले. संयुक्त राष्ट्रसंघातही त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि सौराष्ट्र मुंबई राज्यात समाविष्ट झाले. आपला मराठवाडाही त्याच दिवशी हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. त्यामुळे १ मे १९६० पर्यंत, सुमारे साडेतीन वर्षे, जामनगर आणि नांदेड एकाच राज्यात होते, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

३ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबई येथे, वयाच्या सत्तराव्या वर्षी, जामसाहेबांचे निधन झाले. ज्या शहरात त्यांची लेकरे प्रथम उतरली, तेथेच त्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्यांच्या हयातीत पोलंडमध्ये साम्यवादी राजवट असल्यामुळे या कार्याचा तेथे जाहीर गौरव होऊ शकला नाही. या कार्याबद्दल कोणती परतफेड हवी असे विचारले असता, स्वतंत्र पोलंडमध्ये एखाद्या रस्त्याला आपले नाव द्यावे, एवढेच त्यांनी सुचवल्याचे सांगितले जाते. त्यासाठी अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

पोलंडने राखलेली आठवण

१९८९ नंतर पोलंड मोकळा झाला. १९९९ साली वॉर्सामधील बेदनार्स्का या नामांकित शाळेने जामसाहेबांना आपले आश्रयदाते मानून त्यांचे नाव धारण केले. २०१२ साली ओखोतामधील चौकाला त्यांचे नाव मिळाले आणि २०१४ मध्ये तेथे स्मारक उभे राहिले. पोलंड सरकारने त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान अर्पण केला. २०१६ साली, त्यांच्या निधनाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, पोलंडच्या संसदेने एकमताने ठराव करून कृतज्ञता व्यक्त केली. वॉर्सामध्येच मोंते कासिनो स्मारकाजवळ कोल्हापूरच्या नावाचाही स्मृतिफलक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी या दोन्ही ठिकाणी पुष्पांजली वाहिली.

वॉर्साला जाणाऱ्या यात्रेकरूने आणखी एक स्मारक चुकवू नये. १७ सप्टेंबर १९९५ रोजी उभारलेल्या या स्मारकात रुळांवर उभा असलेला एक मालडबा आहे आणि त्यात क्रूसच क्रूस दाटीने रचलेले आहेत. पूर्वेकडे नेऊन मारल्या गेलेल्यांची ही आठवण. प्रथम तो डबा पाहावा आणि नंतर ओखोतामधील चौकात जावे; म्हणजे त्या मुलांचा प्रवास कोठून सुरू झाला आणि कोणाच्या दारी थांबला, हे ध्यानी येते.

२०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा शिक्षणासाठी तेथे गेलेले हजारो भारतीय विद्यार्थी अडकले. त्यांत महाराष्ट्रातील मुलेमुलीही होती. त्यांपैकी अनेकजण पोलंडच्या सीमेवरून बाहेर पडले आणि तेथून विमानाने मायदेशी परतले. ऐंशी वर्षांपूर्वी आपल्या दारी आलेल्यांच्या वंशजांनी आता आपल्या लेकरांसाठी दार उघडले होते.

आपल्यासाठी बोध

पोलंडची यात्रा प्रत्येकाला घडेलच असे नाही. परंतु कोल्हापूर आपल्याला दूर नाही. नांदेड व लातूरवरून जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्ग सोलापूरवरून थेट कोल्हापुरास पोहोचतो. तेथे महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचे स्मारक आहे, वळिवडे येथे २०१९ साली उभारलेला स्मृतिस्तंभ आहे आणि ख्रिस्ती दफनभूमीत परदेशी नावांच्या कबरी आहेत. सायबेरियातून वाचलेली, पण मायदेश पुन्हा न पाहिलेली ही आपलीच श्रद्धा-भावंडे होत. नोव्हेंबर महिन्यात आपण मृत विश्वासणाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. तेव्हा धर्मग्रामातील तरुणांनी एखादी सहल तेथे न्यावी, एक मेणबत्ती लावावी. ही यात्रा अल्प खर्चाची आहे, परंतु तिचे पुण्य थोडके नाही.

आपल्या भागाला अनाथपण ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात धरणीकंप झाला आणि काही क्षणांत कितीतरी मुले पोरकी झाली. त्या वेळी कोण कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा हे न विचारता देशभरातून व जगभरातून मदतीचे हात आले. आजही दुष्काळाच्या वर्षी आपल्याच गावांतील कुटुंबे ऊसतोडीला आणि बांधकामावर परमुलखात जातात. त्यांची लेकरे कोणाच्या तरी दारी परकी असतात. तसेच परप्रांतातून आलेले मजूर आपल्या शहरांत परके असतात. पवित्र कुटुंबही एकदा बाळ येशूला घेऊन मिसर देशात निर्वासित म्हणून राहिले होते, याचा आपल्याला विसर पडू नये.

प्रभू येशूने परक्याला आश्रय देण्याची शिकवण दिली. ती आचरणात आणणारा मनुष्य कधी कधी ख्रिस्ताचे नाव न घेणाराही असतो, आणि अशा वेळी आपण नम्रपणे त्याच्यापासून शिकावे. आश्रय कसा द्यावा, हे जामसाहेबांनी दाखवून दिले: दार उघडावे, पोटभर जेवू घालावे, लेकरू म्हणून जवळ घ्यावे आणि त्याची प्रार्थना त्याच्यापाशीच राहू द्यावी. आपल्या दारी उद्या कोणी परका आला, तर त्याच्याशी आपण असे वागू शकू काय, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.

३ फेब्रुवारी हा जामसाहेबांचा स्मृतिदिन. त्या दिवशीच्या कौटुंबिक प्रार्थनेत या भल्या राजासाठी आणि जगातील सर्व निर्वासित बालकांसाठी एक विनंती अवश्य करू या.